मुंबईत नवीन आलात? शहर नाश्त्यापासून ओळखा

मुंबईत राहायला आलेल्या माणसाच्या हातात लोक साधारण एकच यादी ठेवतात: गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, जुहू. ते सगळं पाहावंच. पण शहराशी खरी ओळख व्हायची असेल, तर सकाळी लवकर उठून नाश्त्याला बाहेर पडा, असा माझा आग्रह आहे. इथल्या जुन्या नाश्त्याच्या जागा इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या आहेत की चार स्टेशनं पुढे गेलं की चहाची कॉफी होते, पावाची इडली होते, बसायची पद्धत बदलते आणि ऑर्डर द्यायची भाषासुद्धा बदलते.

यातली बहुतेक प्रत्येक जागा कुणातरी ठरावीक गिऱ्हाइकासाठी उघडली होती. फोर्टातल्या कचेरीत जाणारा कारकून, मद्रासकडून एकटा आलेला टायपिस्ट, गिरगावातला चाळकरी, सकाळी दुकान उघडणारा व्यापारी. हे पहिलं गिऱ्हाईक कोण होतं ते कळलं की पुढचं बरंचसं उलगडतं. किती वाजता जायचं, काय मागवायचं, किती वेळ बसलेलं चालतं, हे सगळं त्या गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरलेलं असतं आणि गिऱ्हाईक बदललं तरी सवय टिकून राहते. खालच्या पायऱ्या हे डोक्यात ठेवूनच लिहिल्या आहेत.

आधी स्टेशन ठरवा, हॉटेल नंतर

मुंबईत एका सकाळी तीन भागांत नाश्ता करायचा बेत आखू नका. निम्मा वेळ लोकलमध्ये जाईल आणि उरलेल्या वेळात भूक मेलेली असेल. एका सकाळी एक स्टेशन धरा आणि त्याच्या आसपास पायी फिरा. सुरुवातीला चार स्टेशनं पुरेशी आहेत: धोबी तलावच्या इराणी कॅफेंसाठी मरीन लाइन्स, दक्षिणी पद्धतीच्या उडपी हॉटेलांसाठी माटुंगा, मराठी उपाहारगृहांसाठी दादर आणि गिरगावासाठी चर्नी रोड.

माटुंग्याच्या बाबतीत नवा माणूस हमखास गोंधळतो. मध्य रेल्वेवर माटुंगा आहे, पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड आणि हार्बरवर किंग्ज सर्कल. नाश्त्याचं माटुंगा म्हणजे मध्य रेल्वेचं, आणि बाहेर पडायचं पूर्वेला. माटुंगा रोडला उतरलात तर रूळ ओलांडून पलीकडे येण्यातच बरीच चाल होते.

घड्याळ सांभाळा

सगळ्यात चांगली वेळ सकाळी सात ते साडेआठ. तवा तापलेला असतो, पाव नुकता आलेला असतो, आणि रोजची गिऱ्हाइकं त्यांच्या ठरलेल्या जागी बसलेली असतात. ही माणसं पाहायला मिळणं हा नाश्त्याचाच भाग आहे. कामाच्या दिवशी साडेआठनंतर दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकल गच्च भरतात, त्यामुळे धोबी तलाव किंवा गिरगाव करायचं असेल तर त्याआधीच गाडी पकडा.

रविवारी आणखी दोन गोष्टी. माटुंग्यात नऊनंतर कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि फुटपाथवर रांगा लागतात, तेव्हा त्याच्या आत पोचा. दुसरं, मेगाब्लॉक. रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वे काही मार्ग साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत बंद किंवा संथ ठेवते. जाताना तुम्ही निसटता, पण परतताना अडकता. शनिवारी रात्रीच कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते पाहून ठेवा. फोर्टातल्या बऱ्याच जागा कचेऱ्यांवर चालतात, त्यामुळे त्या रविवारी बंद असण्याची शक्यता धरा. माटुंग्याच्या कॅफे मद्रासची सुट्टी सोमवारी असते.

आणि सोबत सुटे पैसे असू द्या. फोनवरून पैसे आता जवळजवळ सगळीकडे घेतात, पण सकाळी सातला जुन्या गल्ल्यावर नेटवर्कची वाट पाहत उभं राहणं तुमच्या मागच्या माणसाला परवडत नाही.

आत शिरल्यावर लगेच ऑर्डर देऊ नका

दोन मिनिटं नुसतं पाहा. गल्ला कुठे आहे, पैसे आधी द्यायचे की नंतर, लोक स्वतःच बसतायत की कुणीतरी बसवतंय. मग शेजारच्या ताटल्या पाहा. पाचपैकी चार टेबलांवर एकच पदार्थ असेल, तर तोच मागवा. मेनूकार्ड लांबलचक असलं तरी प्रत्येक जुन्या जागेचे खरे पदार्थ दोन-तीनच असतात. बाकीचे काळानुसार येऊन चिकटलेले असतात. इराण्याकडे डोसा किंवा उडप्याकडे चायनीज मागवून त्या जागेबद्दल मत बनवू नये, तो तिच्यावर अन्याय आहे.

वेटरला ‘शुक् शुक्’ करून बोलावू नका. ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ सगळीकडे चालतं.

पहिली सकाळ: धोबी तलावचा इराणी

सुरुवात इराण्याकडून करा, कारण मुंबईत अनोळखी माणसाला सगळ्यात कमी परकेपणा तिथे वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, केरमान भागातून गरिबीला आणि दुष्काळाला कंटाळून माणसं इथे आली. त्यांत बरेच झरथुष्ट्री होते, काही मुसलमानही होते. त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकानं काढली. कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून हिंदू व्यापारी ती घेत नसत, म्हणून इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर उघडणारं दुकान म्हणजे दोन्हीकडून उजेड, दोन्हीकडून वारा आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक. जातधर्म न विचारता एकाच टेबलावर कुणालाही चहा मिळू लागला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मरीन लाइन्सला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चाला. सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर कयानी अँड कंपनी. 1904 सालची. उंच छत, लाकडी वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, लाल चौकटीचे टेबलक्लॉथ आणि त्यांवर काच. आत शिरताना बिस्किटांच्या आणि खारीच्या बरण्यांकडे लक्ष जातंच. इराण्याचं दुकान अर्धं हॉटेल आणि अर्धं किराणा असायचं. अंडी, पाव, लोणी, साबण घेऊन लोक घरी जायचे. गल्ल्यावर बसणारा मालक आणि भिंतीवरचे आरसे ही जोडीही जुन्या इराण्यांत सापडते. एका जागेवर बसून मालकाला सगळं दुकान दिसतं.

आता मागवायचं काय. पहिल्या खेपेला बन मस्का किंवा ब्रून मस्का आणि चहा. दोघांत फरक आहे. बन मऊ, किंचित गोड, कधी बेदाणे घातलेला. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव, आतून मऊ, बाहेरून दाताला काम लावणारा. मस्का म्हणजे लोणी, आणि ते इथे हात सैल सोडून लावतात. काही जण त्यावर साखर भुरभुरवून मागतात, तीही चांगली लागते. ब्रून चहात बुडवूनच खायचा. कोरडा खाल्लात तर टाळू सोलवटेल आणि तुम्हाला वाटेल की पाव शिळा आहे. चहा गोड आणि घट्ट असतो. आणखी कडक हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणा, लगेच समजतं.

पोटभर खायचं असेल तर खिमा पाव किंवा आकुरी. आकुरी म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घालून केलेली पारशी पद्धतीची अंडी. ती भुर्जीसारखी कोरडी नसते, ओलसर ठेवतात. निघताना मावा केक घ्या. शाकाहारी असाल तर अडचण नाही, मस्का, खारी, बिस्किटं आहेत. मात्र केकमध्ये अंडं असतं हे लक्षात ठेवा.

इराण्याकडे एकट्याने बसणं फार सोपं आहे. एक चहा घेऊन पेपर वाचत बसणाऱ्या म्हाताऱ्यांची ही जागा आहे, त्यामुळे तुम्ही पुस्तक उघडलंत तरी कुणी वळून पाहणार नाही. फक्त गर्दी वाढली की उठावं. मालक आणि वेटर थोडे तुसडे वाटतील. ते मनावर घेऊ नका. त्यांची आस्था चहा लवकर आणण्यात दिसते, बोलण्यात क्वचित.

कयानी आवडलं तर पुढच्या सकाळी मरीन लाइन्सलाच 1913 सालचं ससानियन गाठा, किंवा ग्रँट रोड स्टेशनसमोरचं 1914 सालचं बी. मेरवान. मेरवानचा मावा केक इतका मागणीत असतो की उशिरा गेलात तर रिकाम्या ताटल्या दिसतील. तिथे खरोखरच पहाटेचं माणूस व्हावं लागतं. कुलाब्यात ऑलिम्पिया कॉफी हाउस आहे, 1918 सालचं, संगमरवरी टेबलांचं. तिथे नाव कॉफीचं असलं तरी सकाळी माणसं खिमा पाव खायला येतात. आणि एक महत्त्वाचं: बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया इराणी याद्यांत नेहमी वर असतं, पण ती दुपारच्या जेवणाची जागा आहे. बेरी पुलाव खायला दुपारी जा. सकाळी गेलात तर कुलूप पाहून परत याल.

दुसरी सकाळ: माटुंगा

इराण्याकडे वेळ थांबतो आणि माटुंग्याच्या उडप्याकडे तो धावतो. हा फरक एका आठवड्याच्या आत अनुभवावा, म्हणजे नीट जाणवतो.

1896 च्या प्लेगनंतर शहरातली दाटी कमी करायला 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली आणि तिच्या दादर-माटुंगा योजनेतून हा आखीव, झाडांचा भाग उभा राहिला. इथे दक्षिणेकडून आलेली नोकरदार मंडळी स्थिरावली. त्यांत एकटे तरुण खूप होते, आणि त्यांना कचेरीला जाण्याआधी झटपट, स्वच्छ आणि घरच्यासारखं शाकाहारी खाणं हवं होतं. उडपी हॉटेलाचा सगळा स्वभाव त्यातून आला आहे. बसलात की पाणी, सांगितलंत की इडली, संपली की बिल.

राम आश्रय स्टेशनबाहेरच आहे, 1939 सालचं, आणि पहाटे पाचला उघडतं. मुंबईत इतक्या पहाटे गरम उपमा मिळणं मला अजूनही फार मोठी चैन वाटते. पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात, तो नीट वाचा. शिऱ्याचा स्वाद बदलत असतो, अननसाचा असेल तर सोडू नका. इथे तुमच्या टेबलावर अनोळखी माणसं बसतील. हे गृहीत धरून चला, थोडं सरकून जागा द्या, पिशवी मांडीवर घ्या. त्यांना तुमच्याशी बोलायचं नसतं आणि तुम्ही बोलावं अशी अपेक्षाही नसते.

ऑर्डर देताना एक बारकावा. इडली किंवा वडा सांबारात बुडवून हवा की सांबार वेगळं हवं, ते आधीच सांगा. वेटर विचारेल ‘मिक्स की सेपरेट?’ आणि तुम्ही विचार करेपर्यंत तो दुसऱ्या टेबलावर पोचलेला असेल. पहिल्यांदा सेपरेट घ्या, म्हणजे इडलीची चव इडलीची कळेल. उडप्याच्या सांबारात गुळाचा किंचित गोडवा असतो. तमिळ पद्धतीच्या आंबट सांबाराची सवय असेल तर हे चुकलेलं वाटेल, पण ते तसंच असतं.

कॉफी शेवटी मागवा. स्टीलचा पेला आणि खाली पसरट वाटी येते. कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात दोन-तीनदा ओता. त्याने ती पिण्याजोगी निवते आणि फेस येतो. वेगळी साखर मागण्याआधी एक घोट घेऊन पाहा.

तिथून चालत किंग्ज सर्कलला या, म्हणजे आताच्या महेश्वरी उद्यानापाशी. इथे कॅफे मद्रास आहे, 1940 सालचं, आणि जवळच 1936 सालचं म्हैसूर कॅफे. मद्रासच्या बाहेर गर्दी दिसली तर घाबरू नका. नाव आणि माणसं किती ते सांगून ठेवायचं आणि हाक येईल तेव्हा हजर असायचं, इतकंच. रांग लवकर सरकते, कारण आत कुणी रेंगाळत नाही. रस्सम वडा आणि नाचणीचा डोसा इथे खाऊन पाहाच. दोघे असाल तर प्रत्येक पदार्थ एकच मागवून वाटून घ्या, नाहीतर दुसऱ्या पदार्थालाच पोट भरेल. खाऊन झाल्यावर बसून गप्पा मारायच्या असतील तर बाहेर बागेत जा. बाहेरची माणसं तुमच्या खुर्चीकडे पाहत असतात.

याच सर्कलवर कूलर अँड कंपनी हा 1932 चा इराणी आहे. इडली खाऊन झाल्यावर इथे चहाला बसा. काही पावलांच्या अंतरावर एकीकडे घाई आणि दुसरीकडे निवांतपणा, असं मुंबईत इतक्या जवळजवळ क्वचित दिसतं.

तिसरी सकाळ: दादर, आणि जमल्यास गिरगाव

दादर पश्चिमेला शक्यतो सातच्या आत उतरा. पुलाखालचा फुलबाजार तेव्हा भरात असतो. शेवंती आणि झेंडूच्या ढिगांमधून वाट काढत बाहेर आलात की भूकही लागलेली असते.

स्टेशनजवळ मामा काणे आहे, 1910 पासूनचं. बटाटेवडा खायचा तर इथे. ज्याला मुंबईतला वडा म्हणजे पावात कोंबलेलाच माहीत आहे, त्याने पावाशिवाय, ताटलीत चटणीबरोबर आलेला वडा एकदा खावा. पुढे गोखले रोडने शिवाजी पार्काकडे चालत गेलात की प्रकाश आणि आस्वाद दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष म्हणजे ताक आणि श्रीखंड यांच्या मधलं, वेलची-जायफळाचं गोड पेय. ते शेवटी घ्या आणि घाई करू नका, जड असतं. सेनाभवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं. ती मिसळ मुंबईच्या मराठी मध्यमवर्गीय घरातली आहे, बेताची तिखट. कोल्हापूरच्या झणक्याच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. मी तर तिथे मिसळीइतकंच थालीपीठ मागवायला सांगेन. लोण्याबरोबर, गरम असतानाच.

या उपाहारगृहांचं गिऱ्हाईक म्हणजे कुटुंब. आजी, नात, शनिवारी सकाळी बाजाराला निघालेलं जोडपं. त्यामुळे इथे पंचांगही पाळलं जातं. संकष्टी आणि एकादशीला साबुदाण्याच्या पदार्थांसाठी गर्दी वाढते. तुम्हाला उपास नसेल तर त्या दिवशी न गेलेलं बरं, किंवा मग मुद्दाम त्याच दिवशी जा आणि साबुदाण्याची खिचडी खा, कारण ती तेव्हा कढईतून सतत ताजी उतरत असते.

गिरगावासाठी चर्नी रोडला उतरा. ठाकूरद्वारकडे विनय हेल्थ होमची मिसळ आणि 1921 सालच्या पणशीकरांचे उपासाचे पदार्थ ही दोन नावं पुरेशी आहेत. खाऊन झाल्यावर जवळची खोताची वाडी, जुन्या घरांची वस्ती, पायी फिरा. लाकडी सज्जांची ती घरं सकाळच्या शांततेतच पाहावीत. ती लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा दारात उभं राहून फोटो काढू नका.

या तिन्हींत न बसणाऱ्या जागा

भेंडी बाजारात सकाळी नल्ली निहारी खायची रीत आहे. नूर मोहम्मदी हॉटेल 1923 चं आहे आणि तिथे एम. एफ. हुसेन यांचं चित्र लागलेलं आहे. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं ते मटण आणि गरम रोटी खाल्ल्यावर दुपारच्या जेवणाचा विचार करू नका. रमजानमध्ये या भागाचं वेळापत्रक पूर्ण फिरतं, सकाळी जाऊन उपयोग नाही.

वांद्र्याला नव्या धाटणीचे कॅफे आहेत, कॉफीच्या बियांची माहिती देणारे, लॅपटॉप घेऊन तासन् तास बसू देणारे. त्यांचं गिऱ्हाईक घरून काम करणारं, म्हणून ते सावकाश उघडतात आणि तुम्ही उठायची वाट पाहत नाहीत. कॉफी मनापासून आवडत असेल तर जा. पण मुंबई नवीन असताना तिथून सुरुवात करू नये, कारण अशा जागा तुम्ही आलात त्या शहरातही असतील.

मग एकाच जागी पुन्हा जा

तीन-चार सकाळी झाल्या की यादी पुढे वाढवायचा मोह होतो. तो आवरा आणि ज्या जागेशी तुमचं जमलं तिथे परत जा, शक्यतो त्याच वेळी, त्याच टेबलावर. काही खेपांनी वेटर न विचारता चहा ठेवतो. तेव्हा त्याला विचारायला हरकत नाही: तुम्ही स्वतः इथलं काय खाता? मेनूकार्डावर न सापडणारं उत्तर बऱ्याचदा तिथे मिळतं.

आणि ज्यांचे इराणी कॅफे बघायचे राहिलेत त्यांनी ते आधी उरकावेत. एकेकाळी शहरात शेकडो होते, आता मोजकेच उरलेत. कयानीच्या समोरचं बास्तानी केव्हाच बंद झालं. मेरवान बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये आली, लोकांनी शेवटचा केक म्हणून रांगा लावल्या, आणि पुढे ते पुन्हा उघडलं. तेव्हा एखाद्या जुन्या जागेबद्दल बंद पडल्याचं कानावर आलं, तरी त्या बाजूला काम निघालं की स्वतः कोपऱ्यावरून डोकावून या.